‘एकटीच’मधला ‘च’

मने,

परवा रात्री फोनवर तू सहज बोलून गेलीस, “ताई, आजही पार्सलच. गादीवर बसून, डब्याच्या झाकणात.” माझ्याकडे कुकरची तिसरी शिट्टी होत होती, म्हणून मी नुसतं ‘हं’ म्हटलं. पण ते झाकण काही डोक्यातून जाईना. चार महिने झाले तुला मुंबईत येऊन. लोकल जमली, लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धं टेकायलासुद्धा शिकलीस आणि जेवायला एकटीनं कुठं जायचं म्हटलं की पाय अडतो. हो ना? तू बोलली नाहीस, पण मला ऐकू आलं. कारण सतरा वर्षांपूर्वी मी याच शहरात सहा महिने केळी आणि वेफर्सवर काढलेत. आईला सांगायचे, मेस चांगली आहे.

तेव्हा जरा बैस. हे मी कुणाला फारसं सांगत नाही.

आपला निम्मा घोटाळा ‘हॉटेल’ या एका शब्दानं केलाय. कराडच्या स्टँडसमोर भजी तळतात ते हॉटेल आणि गेटवेसमोरचं ताज तेही हॉटेल. मग कुठं कसं बसायचं, काय मागायचं, हे कळणार कसं? जुन्या पाट्या लिहिणारे जास्त शहाणे होते. भोजनालय म्हणजे पोटभर जेवण. खाणावळ म्हणजे रोजचं जेवण. उपाहारगृह म्हणजे मधल्या वेळचं खाणं, तिथं वरणभात मागायचा नाही. (निम्म्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे नजराणा! आत जाऊन बघ, कुणी नजराणा देत नाही.) दादरला मामा काण्यांच्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ होतं, तांब्यांच्या नावात ‘आरोग्य भुवन’. म्हणजे बघ, गिऱ्हाइकाच्या मनातली शंका पाटीवरच मिटवून टाकायची.

आता पाट्या इंग्रजी झाल्या, त्यातून काही कळत नाही. म्हणून मी आत शिरताना तीन गोष्टी बघते. इथं वाढतं कोण? बसू किती वेळ देतात? आणि पैसे कशाचे घेतात, पोटाचे, वेळेचे की थाटाचे? एवढं कळलं की निम्मी भीती दारातच चपलांजवळ राहते.

सुरुवात खाणावळीपासून करू, कारण तू तिच्याच जागेवर बसून काम करतेस. तुझं लोअर परळचं ते काचेचं ऑफिस आहे ना, त्या आवारात गिरणीचा भोंगा वाजायचा. आपल्या साताऱ्याकडचे, कोकणातले कामगार एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायचे खाणावळीत. ही खाणावळ म्हणजे चाळीतल्या एखाद्या बाईची खोली. पहाटे उठून ती वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. पैसे मिळायचे पगाराला, तोवर किराणा उधारीवर आणि उधारी सावकाराच्या व्याजावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढं १९८२चा गिरणी संप झाला. पगार थांबल्यावर खाणावळीचे पैसे कुठून येणार? तुझ्या ऑफिसखाली आज एका पास्त्याला जे मोजतात ना, ते बघून त्या बाईला काय वाटलं असतं, असा विचार मी अधूनमधून करते.

त्या खाणावळीची आजची लेक म्हणजे तुझ्या पीजीच्या गल्लीतली मेस. तिथं जा. पण पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचार. पहिला, “खाडा धरता का?” गावी गेलीस, ऑफिसात उशीर झाला, तर तेवढ्या जेवणांचे पैसे वजा होतात की नाही, हे आधी ठरवून घ्यायचं. दुसरा, “रविवारचं काय?” बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री चूल बंद. त्या रविवारच्या रात्री मी किती वेळा उपाशी झोपलेय, विचारू नकोस. मेसमध्ये चव शोधायची नाही. तिथं मिळते ती ओळख. महिनाभरात मावशी न विचारता तुझ्या ताटात भात कमी वाढायला लागतात आणि चार दिवस दिसली नाहीस, तर “बरी होतीस ना गं?” असं विचारणारं या शहरात एक माणूस होतं. त्याची किंमत तुला पहिल्या तापात कळेल.

एकटीनं बसायला शिकायचं तर मात्र मेसमध्ये नाही, इराण्याकडे. मी तिथंच शिकले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर ‘कयानी’ आहे, १९०४चं. इराणातल्या यझ्द, केरमानकडून आलेल्या झोरोस्ट्रियन लोकांनी ही दुकानं थाटली, बहुतेक कोपऱ्यावरची. कोपऱ्याची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची म्हणून ती यांना मिळाली, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण कोपरा असल्यामुळं दोन्ही बाजूंनी रस्ता दिसतो आणि एकट्या माणसाला रस्ता पुरतो. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, उंच छत, गल्ल्यावर मालक. चहा मागायचा तर ‘पानी कम’. ब्रून मस्का आला की घाई करायची नाही. ब्रूनचं कवच कडक असतं, पहिला घास तोंडात टोचतो. तुकडा चहात बुडव, लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगले की उचल. शेजारच्या टेबलावर कुणी म्हातारे गृहस्थ पेपर चार वेळा उलटून वाचत असतील. त्यांना कुणी उठवत नाही, तुलाही उठवणार नाही. काही इराण्यांकडे केकची बशी न मागताच टेबलावर येते, घाबरू नकोस. जेवढे खाल्ले तेवढ्याचेच पैसे. इराणी खाणं थोडं आणि वेळ जास्त विकतो, आणि वेळ स्वस्तात देतो. म्हणूनच बहुधा ही दुकानं एकेक करून मिटत चाललीत.

आता याच्या बरोबर उलट उडुपी. तिथं मी आयुष्यातली पहिली फजिती करून घेतली. नाव नाही सांगत, दुपारी एकची वेळ होती. मी मसाला डोसा खाल्ला, कॉफी घेतली आणि इराण्याकडच्या सवयीनं पर्समधून पुस्तक काढलं. दहा मिनिटांत न मागता बिल आलं, बडीशेपेच्या बशीत. मी मान खाली घालून वाचत राहिले. मग पोऱ्यानं येऊन टेबल पुसलं. माझ्या पुस्तकाखालून! बाहेर येऊन रडले मी, मने. वाटलं, एकटी बाई म्हणून हाकलली.

नंतर कळलं, तसं काही नव्हतं. दारात आठ माणसं उभी होती. उडुप्याचा धंदाच मुळी टेबल किती वेळा भरतं यावर चालतो. डोशात फायदा तो किती, तेव्हा फायदा फिरण्यात. म्हणून तिथं अनोळखी माणसासमोर बसवतात, म्हणून “इडली डिप की सेपरेट?” हा प्रश्न तुझं बूड टेकायच्या आत येतो. हे कळलं की राग येत नाही, उलट सोय वाटते. एकट्या बाईला उडुप्यासारखी निर्धास्त जागा नाही. तुझ्याकडे बघायला तिथं कुणाला वेळच नसतो! शिकायचंच असेल तर माटुंग्याला जा. स्टेशनपाशीच पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२चं. केळीच्या पानावर जेवण. पान आलं की त्यावर पाणी शिंपड, हातानं निरपून टाक. भाताला मध्ये आळं कर, नाहीतर रसम थेट ओढणीवर. माझी पिवळी ओढणी आठवते? तिच्यावरचा तो डाग हळदीचा नव्हता.

पानावरून थाळीची आठवण झाली. थाळी म्हणजे आपली पंगतच, फक्त आमंत्रण पैशानं घ्यायचं. काळबादेवीला ठाकर भोजनालय आहे, १९४५पासूनचं, गुजराती जेवणाचं. एकजण फरसाण वाढून जातो, दुसरा भाज्यांचं चौफुलं घेऊन येतो, तिसरा तुपात भिजलेले फुलके. तिथं तोंडानं ‘नको’ म्हणून उपयोग नाही, तुझं ‘नको’ पूर्ण होईपर्यंत फुलका पडलेला असतो. आजी करायची तसा हात ताटावर आडवा धरायचा. आणि पहिल्या फेरीत फरसाणानं पोट भरून घेऊ नकोस, ते पुढं करण्यामागं मालकाचा हिशेब आहे. कोल्हापूरला गेलीस तर मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा येतो, तिथंही आधी वाट्या मोजून मग भाकरी मोड. एकटीसाठी थाळी बरी का, सांगते. काय मागवू हा प्रश्नच नाही आणि उरायचंही भय नाही. याउलट पंजाबी हॉटेलात एकट्या माणसाची पंचाईत. एक पनीरची भाजी मागवली तर ती दोघांची, डाळ मागवली तर तीही दोघांची. दोन्ही हवं असेल तर निर्लज्जपणे विचार, “हाफ मिळेल?” बऱ्याच ठिकाणी मिळतं, फक्त मेनूत छापत नाहीत.

एक पाटी तुला कोड्यात पाडेल, ‘परमिट रूम’. १९४९च्या दारूबंदी कायद्यानं आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, त्यावरून पडलेलं नाव. त्यातल्या कितीतरी ठिकाणी मासे फार सुरेख मिळतात. पण तिथं पहिल्यांदा जाताना दोघी-तिघी जा, दुपारी जा आणि आधी नुसतं डोकावून बघ, आत बायका बसल्यात का. ही भित्री सूचना वाटली तर वाटू दे. धीट व्हायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचे असं थोडंच आहे? आणि एसी सेक्शनमध्ये तोच बांगडा जास्त पैशाला मिळतो, हेही ध्यानात ठेव.

आता तुझ्या ऑफिसच्या पार्ट्या. बुफे असेल तर आधी रिकाम्या हातानं एक चक्कर मार, मगच ताटली उचल. पहिल्या टेबलावर सॅलड, सूप, पाव मांडलेले असतात ते पोट भरायला. चांगल्या गोष्टी टोकाला. ताटलीत डोंगर करू नकोस, चार वेळा उठ. तुझ्या उठण्याचे पैसे दिलेलेच आहेत.

आणि पांढऱ्या टेबलक्लॉथचं, मंद दिव्यांचं रेस्टॉरंट असेल तर एवढंच समजून घे की तिथं पैसे थाटाचे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द कुठून आला माहितीये? फ्रेंच. अंगात ताकद भरून आणणाऱ्या कढणाला ते ‘रेस्टोरां’ म्हणायचे. म्हणजे मूळ गोष्ट काय, तर आजाऱ्याची पेज! मी पहिल्यांदा अशा ठिकाणी गेले तेव्हा हे कळायला हवं होतं, एवढी दबले नसते. वेटर अदबीनं वाकून म्हणाला, “स्टिल ऑर स्पार्कलिंग, मॅम?” मी आपली ‘स्टिल’ म्हणून मोकळी. बिलात ती पाण्याची बाटली दिसली, तिच्या पैशात माझं आठवड्याचं दूध आलं असतं. तेव्हा तू सरळ सांग, “रेग्युलर वॉटर.” काट्या-चमच्यांची रांग असली तर बाहेरून आत यायचं, संपलं की सुरी-काटा शेजारी शेजारी ठेवायचा. पदार्थाचं नाव कळलं नाही तर विचारायचं. ज्यांना खरंच कळतं ते बिनधास्त विचारतात, गप्प बसतात ते माझ्यासारखे.

बिल मात्र शांतपणे वाच. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, तो द्यायचाच. त्याच्या वर ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर तो कर नव्हे, हॉटेलनं आपणहून लावलेली रक्कम. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली सांगितलं की ती सक्तीनं लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये तेच उचलून धरलं. सेवा आवडली तर दे, नाहीतर “हे काढून द्या” म्हण. आवाज चढवायची गरज नाही. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तळहाताला घाम फुटला होता, आता मीठ मागावं तसं म्हणते.

राहिलं तुझं लाडकं पार्सल. त्याला मी नावं ठेवत नाही, थकलेल्या रात्री मीही मागवते. पण एक गंमत कर. ॲपवर बिर्याणीचं एक नाव बघ, मोमोजचं दुसरं, खिचडीचं तिसरं आणि तिन्हींचा पत्ता ताडून पाहा. कितीदा तरी एकच निघेल. एका भटारखान्यातून पाच नावांनी जेवण जातं, तिथं टेबल नाही, खुर्ची नाही, दार सापडलं तर नशीब. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर दिलाय का, तेवढं बघत जा. आणि मघाच्या माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिले दोन इथं लाव. वाढतं कोण? कुणीच नाही. बसू किती वेळ देतात? बसायलाच नाही. म्हणून म्हणते, कधीतरीच.

आता मुद्द्याचं. एवढे प्रकार सांगितले, पण या प्रत्येकाच्या दारात एकच प्रश्न असतो, “किती जण?” आणि मला माहितीये तू काय म्हणशील. मीही वर्षभर तेच म्हणायचे, “एकटीच आहे.” त्यातला तो ‘च’ ऐक. जशी काही माफीच मागतोय आपण, तुमचं चारांचं टेबल अडवते हो. तो ‘च’ काढून टाक. बोट वर कर आणि ‘एक’ म्हण, बस्स. जागा देतील ती घे, पण मोरीच्या दाराशी दिली तर “तिकडे भिंतीकडे बसते” असं सांगून उठ. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. फोन पर्समध्ये. सुरुवातीची पाच मिनिटं फार लांब वाटतात, पाणी पिऊन काढायची. मग जेवण येतं, आणि जेवणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही.

हा ‘च’ आपल्यात आला कुठून, तेही मला माहितीये. तुला ते आठवणार नाही, तू फार लहान होतीस. बाबा आपल्याला बाजारच्या दिवशी हॉटेलात न्यायचे, तिथं मागं ‘फॅमिली रूम’ असायची. प्लायवूडच्या खोक्यात चौघांचं टेबल, पुढं मळका हिरवा पडदा, वर खडखडणारा पंखा. पुरुष बाहेर उजेडात बसून मिसळ खायचे, आम्ही पडद्याआड. वेटर पडद्याबाहेरून खाकरायचा आणि मग हात आत घालायचा. आई वडा खातानासुद्धा पदर सावरायची. आजीची तर त्याहून वरची तऱ्हा. बाहेरचं खाणं म्हणजे बाटणं, कुणाच्या हातचं कोण जाणे. आणि त्याही आधीच्या काळात कितीतरी माणसांना पडद्याआडसुद्धा जागा नव्हती, त्यांची कपबशी दाराबाहेर वेगळी ठेवलेली असायची.

म्हणूनच राज्यघटना लिहिणाऱ्यांनी पंधराव्या अनुच्छेदात दुकानांबरोबर उपाहारगृहांचा आणि हॉटेलांचा मुद्दाम नाव घेऊन उल्लेख केला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथं कुणाला अडवता येणार नाही. मी हे स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलं होतं, पण खरं कळलं ते एका दुपारी, माटुंग्याच्या पानावर एकटीनं जेवताना. देशाचा कायदा लिहायला बसलेल्या माणसांनाही वाटलं, की कोण कुठं बसून जेवतं हे लिहून ठेवण्याएवढं महत्त्वाचं आहे. मग मी का अंग चोरून बसू? त्या दिवशी मी रसम दोनदा मागितलं.

आता खरं हितगुज. आईला मी हे सांगितलंय असं कळू देऊ नकोस.

गेल्या नोव्हेंबरात ती हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेली होती, आठवतं? तू म्हणत होतीस, आईचा फोन का लागत नाही. बँकेत रांग होती, बाहेर पडेपर्यंत दोन वाजले. रिक्षा मिळेना, साखर कमी झाल्यासारखं वाटायला लागलं. समोर नवं उडुपी झालंय, तिथं शिरली. एकटी! बाबा गेल्यापासून ती आपल्याशिवाय हॉटेलची पायरी चढली नव्हती. सादा डोसा खाल्ला, वर कॉफी घेतली. समोर कॉलेजातली एक मुलगी येऊन बसली, तिला चटणी पुढं सरकवली. उठताना बशीत पाच रुपये ठेवले. रात्री मला फोन करून हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगत होती, जसं काही शेजारच्या काकू भिंतीला कान लावून बसल्यात.

मी विचारलं, “आई, दारात विचारलं असेल ना, किती जण? काय म्हणालीस?”

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, “काय म्हणणार? म्हटलं, मी आहे की.”